डबीला कॅमेरा दिसतो का?

मागच्या सुट्टीत आपा आणि मी भाच्याच्या गाडीतून पनवेलहून पुण्याला आलो. काचेला चिकटवलेली एक डबी एक्स्प्रेस-वेवर मध्येच बोले, ‘पुढे कॅमेरा आहे.’ लगेच साहेबांचा पाय ब्रेकवर! कॅमेरा मागे पडला की काटा पुन्हा १२० वर. कारला तिथे ताशी १०० ची मर्यादा. मागे आपा दरूद पढत बसलेल्या.

“खाला, घाबरू नका. डबीला कॅमेरा आधीच दिसतो,” भाचा म्हणाला.

दिसत नाही, बेटा. तिला डोळेच नाहीत. तिच्याकडे असते ती यादी. कुठल्या अक्षांश-रेखांशावर कॅमेरा आहे, तो कोणत्या दिशेच्या गाड्या टिपतो, तिथे वेगमर्यादा किती, हे तिच्यात आधीच भरलेलं असतं. आपण कुठे आहोत हे ती जीपीएसवरून काढते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळ सांगतात. संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून उपग्रहाचं अंतर कळतं. निदान चार उपग्रह मिळाले की जागा पक्की होते. मग डबी आपली जागा आणि दिशा यादीशी ताडून पाहते, कॅमेरा ठरावीक अंतरावर आला की बोलते. गाडीचा वेगही तिला याच संदेशांवरून कळतो. तो बहुधा काट्यापेक्षा थोडा कमी भरतो.

म्हणजे यादी जुनी, तर डबी मुकी. आज सकाळी उभी राहिलेली पोलिसांची गाडी यादीत कुठून येणार? भाताणच्या बोगद्यात तर वरचे संदेशच पोहोचत नाहीत.

आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे? ते दोन ठिकाणी नंबर टिपतात. मधलं अंतर १० किलोमीटर असेल, तर १०० च्या वेगाने ६ मिनिटं लागायला हवीत. ५ मिनिटांत पोहोचलात, तर सरासरी १२० झाली. मग कॅमेऱ्यासमोर ब्रेक दाबून काय उपयोग? हे गणित माझ्या सातवीच्या मुलांनाही जमतं, असं मी म्हटलं तेव्हा भाचा जरा खट्टू झाला.

इतका वेळ गप्प बसलेल्या आपांनी विचारलं, “का रे, वाटेत बंद पडलेला ट्रक असतो का तुझ्या यादीत?”

तळेगावच्या टोलनाक्यापर्यंत तो काही बोलला नाही. काटा मात्र नव्वदवर होता.