डेब्रिज: मोडणारा कुठे गेला?

मुंबईत इमारत पाडली की मागे उरते ते 'डेब्रिज'. पालिकेच्या नोटिशीत, ट्रकवाल्याच्या तोंडी आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही हाच शब्द असतो. मूळ उच्चार 'डेब्री'. शेवटचा 'एस' लिहायचा, पण बोलायचा नाही. मुंबईकराने तो बोलून टाकला आणि शब्द आपलासा केला. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही; स्टेशनचे ठेसन करणारी भाषा आहे ही.

शब्द फ्रेंच. 'ब्रिझे' म्हणजे मोडणे. त्याला उपसर्ग लागून 'मोडून तुकडे करणे' असे जुने क्रियापद झाले आणि त्यावरून हे नाम आले. इंग्रजीत ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रुळले. शस्त्रक्रियेतले 'डेब्रिडमेंट', म्हणजे जखमेतला मेलेला भाग काढून टाकणे, याच घरातले वाटते. पण ते 'लगाम काढणे' या अर्थाच्या वेगळ्याच फ्रेंच शब्दावरून आले आहे.

मराठीचा 'राडारोडा' अधिक रोखठोक आहे. राडा म्हणजे चिखलमाती, रोडा म्हणजे विटेचा तुकडा. आपला शब्द ढिगाऱ्यात काय आहे ते सांगतो. फ्रेंच शब्द ते कशाने झाले ते सांगतो, म्हणजे कोणीतरी मोडले म्हणून. 'डेब्रिज' म्हणताना या दोन्ही गोष्टी हरवतात. आत काय आहे ते कळत नाही आणि मोडणाराही दिसत नाही.

आत काय असते ते फुप्फुसाला मात्र नेमके कळते. काँक्रीट, वाळू, विटा, फरशी यांत स्फटिकरूप सिलिका असते. फोडताना आणि ट्रकमध्ये भरताना तिची धूळ उडते. त्यातले अतिसूक्ष्म कण नाकाघशात न अडकता थेट वायुकोशांपर्यंत जातात आणि तिथे व्रण धरतात. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर बरे करणारा उपाय नाही. शिवाय क्षयरोगाचा धोका वाढतो. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे फुटले तर त्यातले अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मोकळे होतात. त्यांनी होणारा कर्करोग काही दशकांनी उघड होतो. तोवर ते छप्पर कोणी उतरवले, हे कोणाला आठवणार?

२०१६च्या केंद्रीय नियमांनी जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-चुना असे वर्गीकरण करायचे, असे त्या नियमांत होते. कागदावर हे चोख होते. पण रात्रीत खाडीकाठच्या कांदळवनात एखादा ट्रक रिकामा झाला, की सकाळी ढिगाऱ्यावर कोणाचेच नाव नसते.

अंतराळातल्या ढिगाऱ्याला निदान कायद्याने तरी मालक असतो. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर चूक कोणाची हे न पाहता प्रक्षेपण करणारा देश भरपाईला बांधील आहे. १९७८मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवर चालणारा 'कॉसमॉस ९५४' हा उपग्रह कॅनडावर कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले, सोव्हिएत संघाने १९८१मध्ये ३० लाख मान्य केले. निम्मे मिळाले, पण बिल नेमक्या दारात गेले.

२ एप्रिल २०२२च्या रात्री विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे जाताना हजारोंनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला लोखंडी कड्यासारखा मोठा भाग पडला. कक्षेच्या हिशोबावरून तो चिनी रॉकेटचा असावा, असे अभ्यासकांनी सांगितले. शेकडो किलोमीटर उंचीवरून आलेल्या तुकड्याचा माग असा काढता येतो. चार किलोमीटरवरून आलेल्या ट्रकचा काढायला नंबरप्लेट, वजनकाटा आणि पाडकामाच्या परवान्यावरचे नाव एवढेच लागते, आणि ते तिन्ही आज उपलब्ध आहेत.