साखळीचे पैसे

जानेवारीत गुलमर्गला एटीव्ही चालवणाऱ्या एका पोराशी आमच्या मंडळींनी भाड्यावरून अर्धा तास हुज्जत घातली. गाडीच्या फक्त मागच्या चाकांना साखळ्या होत्या. पुढे का नाहीत, मी विचारलं. दुसरी जोडी घ्यायची तर भाडं वाढवावं लागेल, मग तुम्ही बसणार नाही, म्हणाला.

खरंच होतं. मागच्या साखळ्या गाडी ढकलतात, चढ चढवतात. वळवणं मात्र पुढच्या चाकांचं काम, उतारावर ब्रेकचा भारही त्यांच्यावरच. दिवसा वितळलेला बर्फ रात्री गोठला की नुसतं रबर घसरतं. रुततात त्या साखळीच्या आडव्या कड्या. आणि हाच पोरगा पहाटे त्याच गाडीवर हॉटेलांना सामान पोचवतो, एकटा.

तनमर्गहून 13 किलोमीटरचा घाट चढताना साखळीचे पैसे आपण गुपचूप देतो, कारण तिथे पोलीस गाडी अडवतो.

आमच्यातले एक बुजुर्ग म्हणाले, अल्लाह मालिक है. आहेच. पण आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावं, ही हदीस आपणच मुलांना सांगतो ना? इथे तर दोरीचेच पैसे कापत होतो.

त्याने आधी सांगितलेलं भाडं मी दिलं. पुढचे दोन दिवस गटात माझ्याशी कुणी नीट बोललं नाही.