'काकू' या संबोधनाविरुद्ध

पन्नाशी ओलांडून मराठी एम.ए.च्या वर्गात बसलेल्या माणसाविषयी बोलताना लोक हमखास 'कौतुकास्पद' हा शब्द वापरतात. आमच्या वर्गात असे आम्ही तिघे होतो, आणि दोन वर्षांनंतर या शब्दाचा आम्हाला उबग आला आहे.

पहिल्याच आठवड्यात वर्गाने आमच्यापैकी दोघींना 'काकू' आणि तिसऱ्याला 'काका' करून टाकले. त्यात आगाऊपणा मुळीच नव्हता. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणे विशीतल्या मुलांच्या जिभेवर येत नाही, हे आम्हीही जाणतो. पण मराठीत नातेवाचक शब्द नुसती हाक म्हणून येत नाही. त्याच्याबरोबर क्रियापद बदलते, आवाज खाली येतो आणि प्रतिवादाचा हक्क गुपचूप काढून घेतला जातो. काकूंचे चुकले तरी 'तुमचे वाचन चुकीचे आहे' असे काकूंना कोणी सांगत नाही. ज्या विषयाचा सगळा व्यवहार एकमेकांचे वाचन तपासण्यावर चालतो, तिथे असला आदर म्हणजे सभ्य बहिष्कारच.

उशिरा शिकणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे नाही असे नव्हे. पुण्यात 1909 साली सुरू झालेल्या सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालत. नाशिकचे मुक्त विद्यापीठ 1989 पासून घरबसल्या पदवीची सोय करते. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 साली आजीबाईंची शाळा भरली आणि गुलाबी नऊवारीतल्या आजींची छायाचित्रे जगभर गेली. या सगळ्याविषयी आम्हाला आदर आहे. पण पाहा, यातल्या प्रत्येक ठिकाणी प्रौढांची पंगत वेगळीच मांडलेली आहे. तरुणांच्याच बाकावर बसायचे झाले तर वागायचे कसे, याची रीत आपण घडवलेलीच नाही. म्हणून मग घरातली रीत वर्गात येते.

आणि ती आणण्यात आमचाही हात होता, हे कबूल केले पाहिजे. परीक्षेच्या दिवशी दही-साखरेचा डबा नेणारे आम्हीच. टपरीवर सगळ्यांच्या चहाचे पैसे देणारे, न विचारता लग्न-नोकरीचे सल्ले देणारेही आम्हीच. काकूपणात ऊब असते, आणि शिवाय तो सोयीचा असतो.

किती सोयीचा, ते दलित साहित्याच्या तासाला कळले. नामांतराच्या आंदोलनाचा विषय निघाला. आमच्यापैकी एकीने ठसक्यात सांगितले, "आम्ही ते दिवस पाहिले आहेत." काय पाहिले होते? 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा ती पुण्यात तिसरीत होती. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला तो तिने वर्तमानपत्रात वाचला. मागच्या बाकावरचा परभणीकडचा मुलगा काही बोलायला उठला होता. "हो काकू" म्हणून खाली बसला. सरांनीही 'ज्येष्ठांचा अनुभव' म्हणून विषय मिटवला. सरांचे हे वागणे आम्हाला अधिक खटकते, कारण मुलाची अडचण संकोचाची होती; सरांची तर तीही नव्हती.

टपरीवर त्याने सांगितले, की त्याच्या आजोबांचे घर त्या वर्षी जळले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात जाहीर केले, की हजेरीपटावर आमची नावे आहेत, तीच वापरावीत. मुले हसली. काहींना तो अपमान वाटला, एका मुलीने विचारले, "आमचं काही चुकलं का?" तडजोड 'ताई'वर आणि 'दादा'वर झाली. ती आम्हाला अर्धीच मान्य आहे. पण पुढच्या चर्चासत्रात परभणीच्या मुलाने आमच्या टिपणातली तीन विधाने भर वर्गात खोडून काढली. त्यातली दोन आम्हाला अजूनही पटलेली नाहीत, आणि तो वाद चालू आहे.