अंधारातला चांगुलपणा

लखनौला पोस्टिंग आली आणि पहिल्याच रविवारी बडा इमामबाडा पाहिला. १७८४च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून नवाब असफउद्दौलाने तो बांधायला घेतला. गाईड सांगतात, दिवसा बांधलेलं रात्री पाडायला घरंदाज माणसं यायची. अंधारात तोंड दिसत नसे. दंतकथा असेल. मला मात्र आजी आठवली. १९७२च्या दुष्काळात ती तोंडावर पदर ओढून खडी फोडायला जायची. हजेरीला मुकादम तिचं नाव पुकारत नसे, नुसती खूण करायचा. कोठारं उघडणारे दामाजीपंत आपल्याला कीर्तनातून माहीत आहेत. घेणाऱ्याची लाज राखणं मला त्याहून अवघड वाटतं, पण ते कथेत क्वचितच येतं. मजुरी किती मिळायची हे आजी विसरली होती. मुकादमाचं नाव नाही.