कार्बनचा जमाखर्च आणि आपण



या सदरात आपण शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीच्या दाखल्याची कागदपत्रे, बचत गटाचे हिशेब असे विषय घेत असतो. या वेळचा विषय हवेतला आहे, पण तोही हिशेबाचाच आहे.

वर्षावासानिमित्त विहारात झालेल्या एका कार्यक्रमात शहरातून आलेल्या एका वक्त्यांचे पर्यावरणावर भाषण झाले. भाषण तळमळीचे होते, यात शंका नाही. परंतु समोर बसलेल्या आयाबहिणींना ते सारखे बजावत होते की, तुमच्या चुलींच्या धुराने पृथ्वी तापते आहे. दिवसभर टोमॅटोच्या तोडणीवर राबून आलेल्या बाया मान खाली घालून ऐकत होत्या. नंतर एक मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, आमच्या चुलीनं पाऊस बिघाडला म्हणत्यात, खरं हाय का?" एका वाक्यात नाही म्हणून मोकळे होता आले असते. पण आपल्या धम्मात एखादी गोष्ट कोणी मोठ्याने सांगितली म्हणून मानायची नसते आणि मी सांगितली म्हणूनही मानायची नसते. तेव्हा कार्बनचे खाते उघडूनच पाहू.

कार्बन म्हणजे काय? चुलीतला कोळसा हा कार्बन. भाकरीत, लाकडात, तेलात, शेणात आणि आपल्या अंगातही कार्बन आहे. हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड हा वायू होतो. हा वायू हवेत थोडा असावाच लागतो, तो पृथ्वीची गोधडी आहे. अजिबात नसता तर पृथ्वी बर्फासारखी गोठली असती. गोधडी जाड झाली की मात्र उकडू लागते.

आता बँकेत जशी दोन प्रकारची खाती असतात, तशी निसर्गातही या कार्बनची दोन खाती आहेत, एक चालू खाते आणि दुसरे मुदत ठेवीचे. चालू खात्याचा व्यवहार सोपा आहे. ज्वारीचे पान हवेतला वायू ओढून घेते, त्याचे दाणे होतात, दाण्यांची भाकरी होते, ती आपण खातो आणि श्वासावाटे तोच वायू परत सोडतो. पाला कुजला, लाकूड जळले, जनावराने कडबा खाल्ला, तरी हेच. या खात्यावरची उलाढाल माणसाच्या सगळ्या कारखान्यांच्या धुराच्या दहापटीहून अधिक आहे. पण जेवढे जमा तेवढे नावे, म्हणून शिल्लक फारशी हलत नाही.

मुदत ठेवीचे खाते पाहायला आपल्या जुन्नर तालुक्याइतकी चांगली जागा नाही, कारण आपण त्या बँकेच्या छपरावरच राहतो. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी हे सगळे डोंगर काळ्या बेसाल्ट दगडाचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग या दगडाखाली गेला. आज त्याचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. लाव्ह्याबरोबर त्या वेळी कार्बन डायऑक्साइडही अमाप बाहेर पडला. आणि गंमत अशी की ज्या दगडाबरोबर तो बाहेर आला, तोच दगड त्याला पुन्हा गिळतो आहे.

ते असे. पावसाचे थेंब हवेतला वायू विरघळवून घेतात आणि सोड्याच्या पाण्यासारखे किंचित आंबट होतात. मातीत मुळांचा आणि कृमिकीटकांचा श्वास मिसळून ते आणखी आंबट होतात. हे पाणी दगडाला हळूहळू खाते, त्यातला चुना सोडवते आणि वायूला क्षाराच्या रूपात बांधून घेऊन ओढ्याला मिळते. वडज धरणाखालून वारूळवाडी-नारायणगावावरून वाहणारी आपली मीना हे गाठोडे घोडला देते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तिथे शिंपले आणि समुद्रातले बारीक जीव त्यातून आपली कवचे बनवतात. ते मेले की कवचे तळाशी साचून चुनखडक होतो. ही झाली मुदत ठेव. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातल्या नद्यांचे पाणी तपासून सह्याद्रीचा दगड किती वेगाने झिजतो याचा हिशेब २००५ साली प्रसिद्ध केला. बेसाल्ट हा इतर पुष्कळ दगडांपेक्षा लवकर झिजणारा आणि म्हणून जास्त वायू गिळणारा दगड आहे.

घरी मुलांना दाखवायचे असेल तर एक प्रयोग करा. ओढ्याकाठच्या काळ्या मातीत पांढरट चुनखडीचे खडे सापडतात. एक खडा ठेचून त्याची भुकटी बशीत घ्या आणि वर लिंबू पिळा. बुडबुडे येतील. जो वायू मातीत दगड होऊन बसला होता, तोच सुटतो आहे.

पण 'लवकर झिजणारा' म्हणजे किती लवकर? लेण्याद्रीला जाऊन पाहा. (तिथे गणपतीच्या दर्शनाला लोक ज्या दालनात उभे राहतात तो मुळात भिक्खूंचा विहार आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.) जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतली ब्राह्मी अक्षरे सुमारे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात. छिन्नीचे घाव दिसतात. म्हणजे दगडाच्या खात्यावर माणसाच्या शंभर पिढ्या हा फक्त एक नोंदीचा कागद आहे.

या ठेवीतून थोडे परतही मिळते. समुद्रतळाचा चुनखडक पृथ्वीच्या पोटात ओढला जातो, तापतो आणि ज्वालामुखीतून वायू बाहेर येतो. दगड जेवढा गिळतो, साधारण तेवढाच ज्वालामुखी ओकतात. पृथ्वी तापली तर पाऊस वाढतो, दगड जास्त झिजतो, वायू कमी होतो आणि पृथ्वी निवते. निवली की झीज मंदावते. कोणी वर बसून हे चालवत नाही. एका कारणातून दुसरे कार्य घडते, त्यातून तिसरे. प्रतीत्यसमुत्पाद समजलेल्या माणसाला हे नव्याने समजावावे लागू नये. फक्त हा तोल सावरायला लाखो वर्षे लागतात, एवढे लक्षात ठेवायचे.

इथे काही सुशिक्षित मंडळी म्हणतात की, ज्वालामुखीच जर वायू ओकतो तर माणसाला दोष कशाला? आपल्या तालुक्यात बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तो सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून उडून आला. त्याच्या वयाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. हजारो मैलांवरून राख आपल्या शिवारात पडावी एवढा तो स्फोट. तरीसुद्धा आजचे जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षभरात जेवढा वायू सोडतात, तो माणसाच्या धुराच्या एक टक्काही भरत नाही.

कारण माणसाने मुदत ठेव मोडली. कोळसा आणि खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडे आणि समुद्रातले जीव, जे कुजून परत चालू खात्यात न येता जमिनीखाली गाडले गेले. ही ठेव आपण दीड-दोनशे वर्षांत काढून चालू खात्यात ओतली. आता जगात वर्षाला सुमारे ३७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड कोळसा, तेल आणि वायू जाळून हवेत जातो. त्यातला निम्म्याच्या आसपास झाडे, माती आणि समुद्र पोटात घेतात, उरलेला हवेत साठतो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे ३१५, आणि आता ४२० च्या वर गेला आहे.

हा वाढीव पैसा ठेवीतलाच, हे कशावरून? नोटांच्या नंबरावरून. घोड नदीकाठी शिरूर तालुक्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीचा काळ जळक्या अवशेषांतल्या 'कार्बन-१४' वरून ठरवला. हा कार्बनचा एक प्रकार सजीव मेल्यावर हळूहळू घटत जातो आणि पन्नास हजार वर्षांत जवळपास संपतो. कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो उरलेलाच नसतो. हवेत असा कार्बन-१४ नसलेला कार्बन मिसळत गेल्याने हवेतले त्याचे प्रमाण पातळ होत गेले. चोरी पकडायला एवढा पुरावा कोणत्याही कोर्टाला पुरेल.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो. चुलीत बाभळीची काटकी जळते, ती चालू खात्यातली. पुढच्या पावसाळ्यात बाभूळ फुटली की तेवढाच वायू परत ओढला जातो. झाड मुळासकट तोडले आणि दुसरे आलेच नाही, तर ते कर्ज. धुरातली काजळीही थोडी उष्णता वाढवते, हे नाकारू नये. पण पाऊस बिघडवण्याचे खापर चुलीवर फोडणे हा खोटा हिशेब आहे. चूल सुटलीच पाहिजे, पण ती आपल्या बहिणींच्या फुप्फुसांसाठी आणि लेकरांच्या डोळ्यांसाठी. दोन वेगळ्या रकमा एका रकान्यात मांडू नयेत. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला सुमारे दोन. त्या दोन टनांतही बंगल्यातली वातानुकूलित खोली आणि पाचटाच्या कोपीतला ऊसतोड मजूर एकत्र मोजलेले असतात. सरासरीच्या पोटात जात लपते आणि वर्गही लपतो.

म्हणून कोळशाला शिव्या घालाव्यात असेही नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातल्या कोळसा खाणींत स्वतः उतरले, कामगारांच्या खोल्या पाहिल्या, आणि १९४४ साली खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. दामोदर खोऱ्याची योजना, वीज आणि पाटबंधारे ही कामेही त्यांच्याच खात्याकडे होती. वीज आल्याशिवाय कारखाना नाही आणि कारखान्याशिवाय गावगाड्यातून आपल्या माणसाची सुटका नाही, हे त्या अर्थशास्त्रज्ञाला स्पष्ट दिसत होते. कोळशातून पहिला हात वर काढला तो आपल्यासारख्यांनीच. ज्यांनी ठेव खाल्ली त्यांनी आता उशिरा वीज पोहोचलेल्या वस्तीला काटकसर शिकवू नये. नवी वीज उन्हाची आणि वाऱ्याची असावी, आणि ती आधी आपल्या वस्तीत यावी, ही मागणी आपण करायला हवी.

दुसरा खोटा हिशेब 'झाडे लावली की झाले' हा. झाड चालू खात्यात आहे. ते ठेवीची भरपाई करू शकत नाही, फार तर काही दशके वायू धरून ठेवील. तरीही झाडे लावावीतच. जुन्नरच्या एका शिलालेखात एका शक उपासकाने दिलेल्या जमिनीची नोंद आहे. करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने आणि वडाच्या झाडांसाठी नऊ, असे जुन्या अभ्यासकांनी ते वाचले आहे. दान दिले तर सावलीसकट! आणि झाडांपेक्षा मोठा साठा मातीत आहे. जगातल्या मातीत हवा आणि झाडे यांच्या बेरजेपेक्षा जास्त कार्बन आहे. माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' असा रकाना असतो, तो हाच. ऊस गेल्यावर पाचट पेटवले की हा रकाना रिकामा होतो आणि खताचे बिल वाढते. ज्यांच्याकडे एखादा एकर आहे त्यांनी पाचट सरीत दाबावे.

पण आपल्यातल्या बहुतेकांकडे तो एकरही नाही, आणि खर्चाची बाजू तिथेच दिसते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, १५१ माणसे मेली, ती आदिवासी. त्याची कारणे अनेक सांगितली गेली आणि एका घटनेचे खापर केवळ हवामानावर फोडता येत नाही. पण झिजलेल्या दगडाच्या मातीवर अतिवृष्टी झाली की काय होते, ते आपण पाहिले. आणि उन्हाळा घ्या. पारा पस्तिशीच्या वर राहिला की टोमॅटोची फुले गळतात. फूल गळले की मालकाचे पीक जाते, तोडणीवाल्या बाईचा मात्र रोज त्याच दिवशी जातो. मालकाला निदान पंचनामा असतो. गळालेल्या रोजाचा पंचनामा करायला कोणी तलाठी येत नाही.

म्हणून आम्ही काही कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेसाठी अर्ज तयार केला आहे. सकाळी मजूर बाया पिकअपची वाट पाहत उभ्या राहतात तिथे पत्र्याचे नव्हे तर गवताचे किंवा कौलाचे छत आणि पिण्याचे पाणी, चैत्र-वैशाखात काम पहाटे सुरू होऊन अकराला सुट्टी आणि रोज पूर्ण, मीनेच्या काठाला करंज आणि वड, आणि वस्तीच्या दिव्यांसाठी सौर पॅनेल, अशी चार कलमे त्यात आहेत. अर्जावर सह्यांसाठी रविवारी वंदनेनंतर विहारात बसणार आहोत. ज्यांना सही येत नाही त्यांनीही यावे, अंगठा चालतो.