सांगायचं काय?

कॅम्पसचा सीझन आला की आपल्या होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच वाक्य घुमतं, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ!' आरशासमोर, मेसच्या लाईनमध्ये, अगदी बाथरूममध्येसुद्धा. मला वाटायचं, हा ताप आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांच्याच नशिबी. मेडिकलवाल्यांचं बरं असतं, नीटला ७२० पैकी मार्क आणले की झालं, तुमची कहाणी कोण विचारतो?

पण यंदा माझ्या चुलत बहिणीला पुण्याच्या एएफएमसीचा कॉल आला. तिथे नीटच्या मार्कांवर यादी लागते आणि मग मुलाखत असते. घरात लगेच चर्चा सुरू, पोरगी स्वतःबद्दल काय सांगणार? सगळ्यांचं उत्तर एकच : २०१७!

२०१७ म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, बोंडअळीची धास्ती, फवारणीवर फवारणी. विषबाधा झालेले शेतकरी नि मजूर यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात रोज भरती होत होते. जिल्ह्यात वीसेक माणसं गेली. माझे काकाजी त्या भरती झालेल्यांतलेच. ते वाचले.

मी कॉन्व्हेंटची, एलोक्युशनची बक्षिसं घेतलेली (मराठी सांभाळून घ्या!). मी तिला झकास इंग्रजीत लिहून दिलं, 'बाबांना त्या पलंगावर पाहिलं आणि त्याच क्षणी मी ठरवलं...' कुठे थांबायचं, तेही खुणा करून दिलं. काकाजी ऐकत होते. म्हणाले, "माह्यं नोको सांगू तिथं. तोंडाले फडकं बांधलं नव्हतं, मले मालूम हाय." आणि उठून बाहेर गेले. एवढ्या वर्षांनीही त्यांना ती स्वतःचीच चूक वाटते.

बहीण म्हणाली, "ताई, मी दहा वर्षांची होती. मी काहीच ठरवलं नव्हतं. मला फक्त घरी जायचं होतं."

आता यावर काय बोलणार?

मग तिने वही दाखवली. आठवीपासून ती आमच्या शेतातल्या फवारणीची नोंद ठेवते. औषध कोणतं, डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा (लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा), किती पंप मारले, हातमोजे होते का, संध्याकाळी कुणाला गरगरलं का. एक मजूर घामापायी मोजे काढून टाकतो, तेही लिहिलंय. दहावीच्या वर्षी पानं कोरीच आहेत!

माझं स्पष्ट मत आहे, सांगायचं ते हे. दवाखान्यातलं दुखणं काकाजींचं आहे, वही तिची आहे. 'ही वही काहून?' असं विचारलंच तर 'घरात एकाला विषबाधा झाली होती' हे एक वाक्य पुरे.

माझ्या रूममेटला हे मुळीच पटलं नाही. ती म्हणते, "पैसेवाली पोरं क्लासचा पैसा वापरतात, मग हिने आपलं दुःख वापरलं तर बिघडलं कुठे? सीट गेली तर तुझं मत भरून देणार आहे का?" खरं सांगते, याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त एवढंच, की काकाजींनी नको म्हटलंय.

अमेरिकेत म्हणे मेडिकलच्या अर्जासोबत ५३०० अक्षरांत स्वतःबद्दल लिहावं लागतं. तिथेही माझ्यासारख्या ताया असणारच. आणि आपल्या शेजारच्या सेवाग्रामला नीट येण्याआधी प्रवेशाला गांधीविचारांचा पेपर असायचा. तोही गाईडमधून पाठ करणारे निघाले असतीलच की!

बहिणीची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. ती वही सोबत नेणार आहे. माझं लिहिलेलं भाषण तिने परत दिलं.

आणि मी? कॅम्पससाठी घोकलेल्या माझ्या उत्तरात 'अनाथाश्रमातला एक दिवस' होता, आयुष्य बदलून टाकणारा वगैरे. काल तो खोडला. त्या दिवशी आम्ही फोटो काढले होते आणि येताना समोसे खाल्ले होते.