बारगीर आणि बर्गी

एकच शब्द दोन प्रांतांत किती निराळ्या भावना जागवितो, याचे ‘बारगीर’ हे बोलके उदाहरण आहे. मराठी सैन्यात ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. आमच्या लेखी शब्द एवढा साधा. परंतु तोच बंगालात जाऊन ‘बर्गी’ झाला आणि तेथील अंगाईगीतात शिरला. आमच्या अंगाईत जेथे चांदोबा यावयाचा, तेथे बंगालच्या अंगाईत आमचा घोडेस्वार येतो. आणि धान्य गेल्यावर सारा कोठून द्यावा, ही चिंताही त्याच्यामागून येते!

१७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर वारंवार चालून गेल्या. १७५१ च्या तहाने नवाब अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लाख रुपये देण्याचे मान्य केले. ही हकीकत सांगताना आमचा ऊर भरून येतो. त्याच काळातील गंगाराम नामक बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ रचिले. त्यात पोथ्या उचलून पळणारे ब्राह्मण आहेत, तराजू घेऊन पळणारे सोनार आहेत आणि जळणारी गावे आहेत. कलकत्त्यात तर १७४२ मध्ये आमच्या भीतीने खंदक खोदावयास घेतला. मराठे तेथवर कधी पोहोचले नाहीत. पण ‘मराठा खंदक’ हे नाव मागे राहिले.

उलट बाजूही आहे. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने भास्करराम कोल्हटकरांना तहाच्या बोलण्यासाठी मानकरा येथे बोलाविले आणि भेटीच्या तंबूतच त्यांना व त्यांच्या सरदारांना ठार केले. आम्ही त्यास विश्वासघात म्हणतो. गंगारामाच्या लेखी ती संकटातून सुटका होती.

आम्हां गोमंतकीयांना हा अनुभव परका नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा गोवा शहराच्या वेशीपाशी आल्या, तेव्हा पोर्तुगीज विजरईने संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून करुणा भाकिली. महाराज परतले. एका घरात सांगतात, संताने शहर राखिले. दुसऱ्या घरात सांगतात, मोगल फौज पाठीवर आली म्हणून परतावे लागले. दोन्ही घरे एकाच मातीवर उभी आहेत.

मग मुलांना काय शिकवावे? कित्येक म्हणतात, जुनी उणीदुणी विसरावी. हे आम्हांस पटत नाही. शाळेत जे सांगितले जात नाही, ते घरी दुप्पट आवेशाने सांगितले जाते. दुसरे म्हणतात, परक्यांची बाजू सांगितली तर मुलांचा स्वाभिमान खचेल. त्यांना आमचा प्रश्न असा की, चिपळूणच्या छावणीतील लष्कराला रयतेस काडीचाही उपद्रव न देण्याची सक्त ताकीद देणारे शिवाजी महाराजांचे पत्र आमचेच ना? ते आम्ही मुलांकडून आदराने वाचून घेतो. मग त्याच मापाने बंगालच्या स्वाऱ्या मोजावयास का कचरावे? हे माप परक्याने आणून दिलेले नाही. ते आमच्याच घरचे आहे. ज्या राज्याने ते घालून दिले, त्याच्या वारसांना आपली चूक पाहताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

आजी खोटे सांगत नसते. तिच्या घरावर जे गुदरले, तेवढेच ती सांगते. पण वेशीपलीकडच्या घरावर काय गुदरले, हे तिला ठाऊक नसते. ते शोधणे हे शिकलेल्या नातवंडाचे काम आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, या सुटीत घरातील वडीलधाऱ्यांना जुन्या गोष्टी जरूर विचारा आणि मन लावून ऐका. मात्र गोष्ट संपली की स्वतःस एक प्रश्न विचारा : हीच गोष्ट पलीकडच्या घरातील आजी आपल्या नातवाला कशी सांगत असेल? एवढे जरी तुम्ही केलेत, तरी इतिहासाचा तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.